देशानुसार ट्रॅफिक अडवणं: लॉगिन फक्त भारतातून, बाकी काही न मोडता

सह्यवाट

एका कॉलेजच्या सर्व्हरसाठी नियम पक्के करायचे आहेत. मुंबईतलं व्हीपीएस (भाड्याचा आभासी सर्व्हर), डेबियन १२, पुढे यूएफडब्ल्यू ही फायरवॉल. पोर्ट २२ वर एसएसएच (दूरून लॉगिन). ८० आणि ४४३ वर एन्जिनएक्स हा वेब सर्व्हर, त्याच्यामागे डॉकरच्या कंटेनरमध्ये (वेगळ्या कप्प्यात) गुणपत्रक आणि ट्रान्सक्रिप्टच्या अर्जाचं पोर्टल. २५, ४६५, ५८७ आणि ९९३ वर मेल. आयपीव्ही६ चालू आहे.

व्यवस्थापनाचं म्हणणं 'भारताबाहेरचं सगळं बंद करा'. अडचण अशी की ट्रान्सक्रिप्ट मागणारे बहुतेक माजी विद्यार्थी अमेरिका, जर्मनी, ऑस्ट्रेलियातच असतात. लॉगमध्ये एसएसएच आणि मेलवर पासवर्ड ठोकून बघणाऱ्यांची रांग आहे, ती थांबली तरी पुरे. तीन प्रश्न:

यादी कुठून घ्यावी? कोणत्या पोर्टवर देश बघावा, कोणत्यावर नाही? आणि डॉकर यूएफडब्ल्यूला वळसा घालून जातं, त्याचं काय?

बिनतारी

दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण तो चुकला की बाकीचं कितीही नीट केलं तरी फोन येतातच.

पोर्ट २५ ला देशाचा नियम अजिबात लावू नका. जीमेल किंवा आउटलुकवरून तुमच्याकडे येणारी मेल त्यांच्या सर्व्हरवरून येते आणि ते पत्ते बहुधा अमेरिकेच्या नावावर असतात. पाठवणारा साताऱ्यात बसलेला असला तरी मेल 'अमेरिकेतून' येणार. २५ वर स्पॅमसाठी वेगळे उपाय आहेत: आरबीएल (बदनाम पत्त्यांच्या याद्या), एसपीएफ (पाठवणारा सर्व्हर अधिकृत आहे का ते बघणं), दर मर्यादा. आणि तिथे लॉगिनची सोयच बंद ठेवा, म्हणजे पासवर्ड ठोकायला जागा उरत नाही.

४६५, ५८७ आणि ९९३ वर मात्र माणसं लॉगिन करतात. तुमचा स्टाफ भारतात आहे, तर इथे 'फक्त भारत' योग्य. एसएसएचलाही तेच.

८० आणि ४४३ उघडे ठेवा. परदेशातले अर्जदार आहेतच, शिवाय गुगलचा क्रॉलर मुख्यतः अमेरिकेतून येतो. पोर्टलचं ॲडमिन पान तेवढं एन्जिनएक्सच्या पातळीवर देशाने बांधा.

मुळाकाठ

पोर्ट ८० बद्दल आणखी एक कारण. एचटीटीपीएसची प्रमाणपत्रं फुकट देणारं लेट्स एन्क्रिप्ट, डोमेन तुमचंच आहे ना याची, फेब्रुवारी २०२० पासून एकाच वेळी जगातल्या वेगवेगळ्या ठिकाणांहून तपासणी करतं. ८० वर 'फक्त भारत' लावलं की प्रमाणपत्राचं नूतनीकरण अडतं आणि त्रुटीच्या संदेशात 'ड्युअरिंग सेकंडरी व्हॅलिडेशन' असे शब्द दिसतात. तपासणाऱ्यांचे पत्ते ते जाहीर करत नाहीत, त्यामुळे अपवादाची यादी बनवता येत नाही.

दुसऱ्या कंपनीचं प्रमाणपत्र घेऊनही सुटका नाही. सीए-ब्राउझर फोरमच्या (प्रमाणपत्र संस्था आणि ब्राउझर कंपन्यांचा मंच) नियमांनुसार अशी अनेक ठिकाणांहून तपासणी १५ मार्च २०२५ पासून सगळ्याच सार्वजनिक प्रमाणपत्र संस्थांना करावी लागते, आणि १५ सप्टेंबर २०२५ पासून ती जुळली नाही तर प्रमाणपत्र देताच येत नाही. ८० बंदच ठेवायचं असेल तर डीएनएस-०१ पद्धत (डीएनएसमधल्या नोंदीवरून तपासणी) वापरा. पण नेमसर्व्हर स्वतःच चालवत असाल तर त्याच्या ५३ वर देशाचा नियम नको, नाहीतर तीच अडचण मागच्या दाराने येते.

लक्षात यायला उशीर लागतो तो यामुळे: नियम आज लावला तरी प्रमाणपत्र ९० दिवसांचं असतं. साइट बंद पडते तेव्हा फायरवॉलला हात लावल्याचं कुणाच्या ध्यानातही नसतं.

रॅकमधला

यादीबद्दल. दोन प्रकारच्या याद्या मिळतात आणि लोक त्या एकच समजून वापरतात.

पहिला प्रकार नोंदणीचा. एपीनिक, राइप, आरिन, लॅकनिक आणि आफ्रिनिक या पाच संस्था पत्ते वाटतात आणि कुणाला काय दिलं याची फाइल रोज काढतात. भारतात हे काम निक्सीच्या (भारताची इंटरनेट एक्स्चेंज संस्था) अखत्यारीतलं आयरिन बघतं. फुकट मिळणाऱ्या 'देशवार झोन' फाइली बहुतेक याच फाइलींवरून बनतात. पण त्यात कळतं ते पत्ता कोणत्या देशातल्या संस्थेला दिला एवढंच. तो वापरला कुठे जातो हे नाही.

जवळचं उदाहरण घ्या. १३.२३२.०.०/१४ हा पट्टा ॲमेझॉनच्या मुंबई रीजनमध्ये चालतो, पण नोंदणी आरिनकडे ॲमेझॉनच्या नावावर. नोंदणीच्या यादीत तो अमेरिका, जागेच्या डेटाबेसमध्ये भारत. एखाद्या सेवेचा वेबहुक (आपोआप येणारी सूचना) मुंबईतल्या मशीनवरून येत असेल आणि तुम्ही नोंदणीची यादी लावली असेल, तर तो गुपचूप गळतो.

दुसरा प्रकार जागेच्या अंदाजाचा: मॅक्समाइंडचा जिओलाइट, डीबी-आयपीची लाइट आवृत्ती वगैरे. तुमच्या कामाला हाच घ्या. जिओलाइटला ३० डिसेंबर २०१९ पासून खातं आणि लायसन्स की लागते. नवी आवृत्ती मंगळवारी आणि शुक्रवारी येते, त्यामुळे क्रॉन (ठरावीक वेळी आपोआप चालणारं काम) तेवढाच ठेवा.

सीएसव्ही उतरवलीत की 'ब्लॉक्स' नावाच्या दोन फाइली मिळतात, एक आयपीव्ही४ची, एक आयपीव्ही६ची. पहिल्या रकान्यात पट्टा, दुसऱ्यात वापराच्या देशाचा क्रमांक, तिसऱ्यात नोंदणीच्या देशाचा. भारताचा क्रमांक १२६९७५०. गाळताना फक्त दुसरा रकाना बघा. ओळीत कुठेही हा आकडा शोधला तर तिसऱ्या रकान्यातलेही पट्टे येतात, म्हणजे नोंदणी भारताची पण वापर दुसरीकडे असलेले.

नोंदणीची फाइल वापरायचीच असेल तर एक खाच आहे. आयपीव्ही४च्या ओळीत पाचवा आकडा पत्त्यांची संख्या असतो, मास्क नाही, आणि ती संख्या दोनाच्या घातात असेलच असं नाही. ७६८ असेल तर एक /२३ (५१२ पत्ते) आणि एक /२४ (२५६ पत्ते) असे दोन तुकडे करावे लागतात. आयपीव्ही६च्या ओळीत मात्र तोच आकडा थेट प्रीफिक्सची लांबी असतो. दोन्हींना एकच हिशोब लावणाऱ्या स्क्रिप्ट बऱ्याच फिरतात, घेण्याआधी तपासा.

सह्यवाट

हे सरळ आहे, जिओलाइट घेतो. नियम एनएफटेबल्समध्ये (लिनक्सची मूळ फायरवॉल) लिहावेत की आयपीसेट (पत्त्यांची यादी) यूएफडब्ल्यूच्या फाइलीत घुसवावा?

बिनतारी

एनएफटेबल्समध्ये, पण यूएफडब्ल्यूला न छेडता. आयपीसेटचा मार्ग चालतो, फक्त त्यात दोन सापळे आहेत. हॅश-नेट प्रकाराच्या सेटची कमाल मर्यादा मुळात ६५,५३६ नोंदींची असते. मोठ्या देशांच्या याद्या एकत्र केल्या की 'हॅश इज फुल' म्हणून भरणं मध्येच थांबतं, तेव्हा सेट बनवताना 'मॅक्सएलेम' वाढवा. दुसरं, मशीन चालू होताना सेट तयार नसेल आणि यूएफडब्ल्यूच्या 'बिफोर रूल्स'मध्ये त्याचं नाव असेल, तर यूएफडब्ल्यूचे नियम चढतच नाहीत. सेट 'बिफोर इनिट'मध्ये आधी बनवावा लागतो.

एनएफटेबल्समध्ये स्वतंत्र टेबल करा, आयनेट कुटुंबाचं, म्हणजे आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ दोन्हींचं. त्यात दोन सेट, आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६, दोन्हींना 'इंटरव्हल' फ्लॅग आणि 'ऑटो-मर्ज'. ऑटो-मर्ज नसेल तर एकमेकांत शिरलेले पट्टे आले की सगळी फाइल नाकारली जाते.

मग इनपुट हुकवर (मशीनसाठीच आलेली पाकिटं जिथे तपासली जातात) नियमांची एक साखळी, प्राधान्य उणे १०, म्हणजे यूएफडब्ल्यूच्या शून्याच्या आधी. पॉलिसी ॲक्सेप्ट. नियमांचा क्रम असा:

आधी एलओ इंटरफेस (मशीनचं स्वतःशीच बोलणं) सोडा.
मग 'एस्टॅब्लिश्ड' आणि 'रिलेटेड' (आधीच जुळलेली आणि त्यांच्याशी निगडित कनेक्शन) सोडा.
मग अपवादाचे पत्ते सोडा: १०.०.०.०/८, १७२.१६.०.०/१२, १९२.१६८.०.०/१६ आणि तुमच्या व्हीपीएनचा पट्टा. खासगी पत्ते कोणत्याच देशाच्या यादीत नसतात, हे विसरलं की आतलं नेटवर्कच अडतं.
मग टीसीपी पोर्ट २२, ४६५, ५८७, ९९३ आणि आयपीव्ही४ स्रोत भारताच्या सेटमध्ये नाही: मोजा आणि ड्रॉप करा.
तोच नियम पुन्हा आयपीव्ही६साठी, त्याच्या सेटसह.

शेवटचा नियम गाळू नका. आयनेट टेबलात 'आयपी स्रोत अमुक सेटमध्ये नाही' ही अट फक्त आयपीव्ही४ पाकिटांनाच लागू होते. आयपीव्ही६ पाकीट त्या नियमाला शिवतही नाही, सरळ पुढे जातं. यादी बिनचूक असूनही आयपीव्ही६वरून सगळं उघडं, ही या कामातली मी पाहिलेली सगळ्यात सर्रास चूक.

साखळी वेगळी ठेवण्यातला फायदा: एनएफटेबल्समध्ये एका बेस साखळीत ॲक्सेप्ट झालेलं पाकीट त्याच हुकवरच्या पुढच्या साखळीत पुन्हा तपासलं जातं, ड्रॉप मात्र तिथेच अंतिम. म्हणजे हे टेबल फक्त नाकारण्याचं काम करतं, परवानगी देण्याचं यूएफडब्ल्यूकडेच राहतं. वरचे 'सोडा' म्हणजे 'यूएफडब्ल्यूकडे पाठवा' असं समजा.

सोलापूर०२१७

हेच प्रीराउटिंगला (पाकीट आल्याआल्या), रॉ प्राधान्यावर केलं तर कनेक्शन ट्रॅकिंगचा (कॉनट्रॅक) भार वाचत नाही का?

बिनतारी

वाचतो, पण रॉ म्हणजे उणे ३००, आणि कनेक्शन ट्रॅकिंग उणे २०० ला. तिथे 'एस्टॅब्लिश्ड' कळतच नाही. 'हे देश पूर्ण बंद' असा नियम रॉमध्ये ठेवला की तुमचा सर्व्हर बाहेर जी कनेक्शन करतो त्यांची उत्तरंही मरतात: एपीटीचे मिरर, डीएनएस, बाहेर जाणारी मेल. मग 'इंटरनेट कधी चालतं कधी नाही' अशी तक्रार येते. मोठा हल्ला चालू असेल आणि कॉनट्रॅकचं टेबल भरत असेल तरच रॉ, तेही ठरावीक पोर्टपुरतं.

रॅकमधला

डॉकर राहिलं. प्रकाशित केलेल्या पोर्टचं पाकीट आधी डीनॅट होतं (त्याचा पोहोचायचा पत्ता बदलतो) आणि मग फॉरवर्ड हुकमधून कंटेनरकडे जातं. इनपुटला येतच नाही, म्हणून यूएफडब्ल्यूला ते दिसत नाही.

सगळ्यात साधा उपाय: एन्जिनएक्स होस्टवर आहेच, तर कंटेनरचं पोर्ट १२७.०.०.१ ला बांधून प्रकाशित करा. मग बाहेरून येणारं सगळं होस्टच्या इनपुटवरूनच येईल. सह्यवाट, तुमच्या रचनेत एवढ्याने भागतं.

ज्यांना कंटेनर थेट उघडा ठेवावा लागतो त्यांच्यासाठी: त्याच टेबलात फॉरवर्ड हुकवर साखळी, तेच प्राधान्य. इथे पाकिटातलं पोर्ट डीनॅटनंतरचं असतं. बाहेर ८४४३ आणि आत ४४३ असेल तर नियमाला ४४३ दिसतं. म्हणून पोर्ट 'सीटी ओरिजिनल प्रोटो-डीएसटी'ने तपासा, ते मूळ पोर्ट देतं. आयपीटेबल्स वापरणाऱ्यांनी डॉकर-यूजर साखळीत कॉनट्रॅकचं 'सीटी-ओरिग-डीएसटी-पोर्ट' वापरावं.

आणि येणारा इंटरफेस बाहेरचाच असावा ही अट टाकाच. नाहीतर कंटेनर स्वतः बाहेर ४४३ वर जातो तेव्हा त्याचा स्रोत १७२.१७ वगैरे असतो, तो भारताच्या सेटमध्ये नसतो, आणि कंटेनरचं बाहेर जाणं बंद होतं.

आयपीव्ही६चा गुंता वेगळा. डॉकरच्या नेटवर्कला आयपीव्ही६ दिलेलं नसेल तरी होस्टच्या आयपीव्ही६ पत्त्यावर पोर्ट उघडं दिसतं, कारण डॉकर-प्रॉक्सी ते कनेक्शन घेऊन आत आयपीव्ही४ने पुढे देतो. असं ट्रॅफिक इनपुटवरून येतं, फॉरवर्डवरून नाही, आणि ॲपला स्रोत म्हणून ब्रिजचा पत्ता दिसतो. म्हणून कंटेनरची पोर्टंही इनपुटच्या आयपीव्ही६ नियमात घ्या.

आणखी एक. डेबियनच्या 'एनएफटेबल्स डॉट कॉन्फ'मध्ये पहिलीच आज्ञा 'फ्लश रूलसेट' असते. ती चालली की डॉकर, यूएफडब्ल्यू, फेलटूबॅन (वारंवार चुकीचं लॉगिन करणारे पत्ते अडवणारं साधन) सगळ्यांचे नियम पुसले जातात. ती काढा. त्याऐवजी फाइलीच्या सुरुवातीला फक्त आपलं टेबल जाहीर करून लगेच डिलीट करा आणि मग पूर्ण लिहा. टेबल आधी नसलं तरी डिलीट अडखळत नाही.

मुळाकाठ

यादी ताजी करताना जपून. सेट रिकामा करणं आणि नव्या नोंदी भरणं एकाच फाइलीत लिहून एनएफटीच्या 'एफ' पर्यायाने चढवा. सगळं एकाच व्यवहारात होतं, मध्ये रिकाम्या सेटचा क्षण येत नाही. दोन वेगळ्या आज्ञा दिल्या तर मधल्या वेळात 'भारताच्या यादीत कुणीच नाही', म्हणजे सगळ्यांनाच दार बंद.

उतरवलेली फाइल थेट वापरू नका. लायसन्स की कालबाह्य झाली किंवा सर्व्हरने चुकीचं पान दिलं तर फाइल येते, पण आत एचटीएमएल असतं. स्क्रिप्टने आधी ओळी मोजाव्यात. मागच्या यादीपेक्षा संख्या दहा टक्क्यांहून जास्त घटली असेल तर जुनीच ठेवून मेल पाठवावी. नंतर एनएफटीच्या 'सी' पर्यायाने नुसतं तपासावं, मगच चढवावं.

मुख्य फाइल यादीची फाइल 'इन्क्लूड' करत असेल आणि बूटच्या वेळी ती फाइल नसेल तर मुख्य फाइल पूर्णच नाकारली जाते. या रचनेत यूएफडब्ल्यू उभं राहतं म्हणून निभावतं. पण ज्यांची संपूर्ण फायरवॉल त्याच एका फाइलीत आहे त्यांचं मशीन फायरवॉलशिवाय वर येतं. म्हणून यादी कायमच्या डिस्कवर ठेवा, 'टेम्प'मध्ये नको.

सह्यवाट

पहिल्यांदा लावताना बाहेर अडकू नये म्हणून काय करता? व्हीपीएसला कन्सोल आहे, पण अगदी संथ.

बिनतारी

लावण्याआधी सिस्टमडी-रनने ३०० सेकंदांनी हे टेबल उडवणारं काम लावून ठेवा. मग नियम चढवा. सगळं नीट असेल तर ते काम रद्द करा.

तपासणी मात्र नवीन सेशन उघडून करा. चालू असलेलं एसएसएच 'एस्टॅब्लिश्ड' आहे, ते नियम चुकीचा असला तरी चालूच राहणार. चालू सेशनमध्ये आज्ञा चालतायत म्हणजे सगळं ठीक, असं धरून काम रद्द केलं की मग कन्सोलच.

उलट बाजूही तीच. नियम लावण्याआधी बाहेरून आलेली कनेक्शन तशीच चालू राहतात. ती तोडायला कॉनट्रॅकच्या साधनाने त्या स्रोताच्या नोंदी काढा, किंवा सेवा रीस्टार्ट करा.

पैलतीर

परदेशातल्या बाजूने लिहिते, कारण आम्हाला याचा रोजचा अनुभव. कित्येक भारतीय सरकारी साइट बाहेरून उघडतच नाहीत, नुसतं पान फिरत राहतं. अर्जदाराला कळत नाही की आपलं इंटरनेट बिघडलं, साइट पडली, की आपल्याला अडवलंय. ८० आणि ४४३ उघडे ठेवताय हे फार चांगलं. ॲडमिन पानावर अडवाल तिथे तरी स्पष्ट ४०३ द्या आणि दोन ओळी लिहा.

स्टाफपैकी कुणी परदेशात परिषदेला गेलं तर? भारतीय सिमच्या रोमिंगवर असतील तर डेटा बहुधा मूळ कंपनीतूनच बाहेर पडतो, पत्ता भारतीयच दिसतो. हॉटेलच्या वायफायवर किंवा प्रवासी ई-सिमवर तसं नाही. काही ई-सिमचा पत्ता तर तिसऱ्याच देशाचा निघतो.

रॅकमधला

त्यासाठी वायरगार्ड हे व्हीपीएन. यूडीपी ५१८२० वर देशाचा नियम नको. योग्य की नसलेल्या पाकिटाला वायरगार्ड उत्तरच देत नाही, त्यामुळे तिथे ठोकून काही हाती लागत नाही. एसएसएचही पुढेमागे त्याच्या आतच न्या.

ॲडमिन पानासाठी डेबियनमध्ये एन्जिनएक्सचं जिओआयपी२ मॉड्यूल पॅकेजमध्येच आहे. देशाचा कोड 'मॅप'मध्ये घ्या, 'आयएन'ला परवानगी, बाकी ४०३. डेटाबेसच्या ब्लॉकमध्ये 'ऑटो-रीलोड' द्या, नाहीतर फाइल बदलली तरी एन्जिनएक्स जुनीच वापरत राहतो. पुढे कधी क्लाउडफ्लेअरसारखं सीडीएन (साइटच्या पुढे उभं राहणारं वितरणाचं जाळं) लावलंत तर सगळ्या पाकिटांचा स्रोत सीडीएनचाच दिसेल. तेव्हा वेबसाठी देशाचा नियम त्यांच्याकडे लावायचा आणि आपल्या ४४३ वर फक्त त्यांचे पट्टे सोडायचे.

सोलापूर०२१७

ऑफिसात हार्डवेअर फायरवॉल असणाऱ्यांसाठी दोन गोष्टी जोडतो.

पीएफसेन्स या फायरवॉलमध्ये वॅनवरून (इंटरनेटच्या बाजूने) आत येणारं सगळं मुळातच बंद असतं. एकही पोर्ट उघडलेलं नसेल तर त्याच्या पीएफब्लॉकर पॅकेजमध्ये शंभर देश 'डिनाय इनबाउंड' करून काहीच मिळत नाही, फक्त मेमरी जाते. पोर्ट उघडलंच असेल तर भारताचा एलियस (नाव दिलेली पत्त्यांची यादी) करा आणि परवानगीच्या नियमात तो स्रोत म्हणून द्या. 'कॅनॉट अलोकेट मेमरी' दिसलं तर ॲडव्हान्स्ड सेटिंगमधली 'मॅक्सिमम टेबल एन्ट्रीज' वाढवा.

फोर्टिगेटमध्ये 'जिऑग्राफी' प्रकारचा ॲड्रेस बनवून नेहमीच्या पॉलिसीत टाकतात आणि एसएसएल व्हीपीएनवरचे प्रयत्न थांबत नाहीत. कारण फायरवॉलच्या स्वतःच्या पत्त्यावर येणारं ट्रॅफिक त्या पॉलिसीतून जातच नाही, त्याला 'लोकल-इन पॉलिसी' लागते. आणि व्हीआयपीने (बाहेरचा पत्ता आतल्या सर्व्हरला जोडणारी नोंद) आत दिलेल्या सर्व्हरसाठी डिनाय पॉलिसी लिहिली असेल तर 'मॅच-व्हीआयपी' चालू आहे ना बघा, जुन्या आवृत्त्यांत ते बंद असायचं.

सह्यवाट

लॉगचं काय? सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे १८० दिवसांचे लॉग ठेवायचे आहेत. ड्रॉप झालेलं प्रत्येक पाकीट लिहिलं तर डिस्क पुरणार नाही.

मुळाकाठ

फायरवॉलचे लॉगही त्यात येतात, म्हणून पूर्ण बंद करू नका. ड्रॉपच्या आधी एक वेगळा लॉग नियम, त्याला ओळखू येईल असा प्रीफिक्स, आणि मिनिटाला १० अशी मर्यादा. एकूण किती अडलं ते ड्रॉपच्या नियमातला काउंटर सांगतोच. तो रोज रात्री एका ओळीत लिहून ठेवा. एसएसएच आणि मेलच्या लॉगिनचे लॉग मात्र बिनमर्यादा, पूर्ण ठेवा. घटना घडली तर सहा तासांत कळवावी लागते आणि तेव्हा तेच उपयोगी पडतात. लॉगरोटेटची मुदत डेबियनमध्ये मुळात काही आठवड्यांचीच असते, ती बदला. जर्नलडीचीही स्वतःची आकाराची मर्यादा असते, तीही बघा.

आणि काउंटर मोठा दिसला म्हणून फेलटूबॅन काढू नका. भाड्याने मिळणारी व्हीपीएस मुंबईतही आहेत आणि हॅक झालेले राउटर भारतातल्या घराघरांत. देशाच्या नियमाने गर्दी कमी होते, उरलेले प्रयत्न भारतीय पत्त्यांवरून येतच राहतात. एसएसएचचा पासवर्ड लॉगिन बंद करून फक्त की ठेवा. ९९३ आणि ५८७ साठी डव्हकॉट आणि पोस्टफिक्स या मेल सर्व्हरचे फेलटूबॅन जेल (त्यांच्या लॉगवर नजर ठेवणारे नियम) चालू ठेवा.

सह्यवाट

पोर्ट २५ वरचं लॉगिन बंद केलं, पोस्टफिक्सच्या मास्टर फाइलीत फक्त सबमिशनच्या सेवांना 'एसएएसएल ऑथ' ठेवलं. कंटेनर १२७.०.०.१ ला बांधला. टेबल चढवलं, वेगळ्या मशीनवरून नवीन सेशनने आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ दोन्ही तपासले, लेट्स एन्क्रिप्टचं ड्राय-रन नूतनीकरणही पार पडलं. यादीची स्क्रिप्ट ओळी मोजण्यासकट शुक्रवारच्या क्रॉनला लावतोय.

रॅकमधला

मंगळवारच्याही लावा. आणि क्रॉन ठोक्याला ठेवू नका, मिनिटं वाकडीतिकडी घ्या. १२ वाजता सगळेच ओढतात.